बसल्या बसल्या नोकरी

माझी सून रश्मी दिवसभर खुर्चीत बसून असते आणि तरी तिला दर महिन्याला पगार मिळतो.

यात तिचा दोष नाही, काळाचा आहे. आमच्या वेळी काम म्हणजे उभं राहून, वाकून किंवा डोक्यावर घेऊन करायची गोष्ट होती. मी मिठागरात डोक्यावरून मीठ वाहिलं, गुडघाभर चिखलात भात लावला. बसायला मिळायचं ते फक्त जेवताना, आणि तेव्हाही सासू म्हणायची, "किती येल बसशील गो?" त्यामुळे बसून केलेल्या कामाला काम म्हणायची मला सवय नाही.

आता जमिनी गेल्या, मिठागरं गेली, आणि आम्ही करंजाड्याला लिफ्टच्या इमारतीत राहतो. रश्मी हॉलच्या कोपऱ्यात टेबल मांडून लॅपटॉपवर कंपनीचं काम करते. माझा मुलगा बंदरात शिफ्टला. घरात आम्ही दोघीच. ती बोलत असते, मी ऐकत असते. बसलेलं माणूस दिसलं की माझे हात शिवशिवतात. मी हळूच तिच्यापुढे ताट सरकवते.

"बसल्या बसल्या जरा लसून सोल."

"आई, मी मीटिंगमध्ये आहे!"

"तोंड मीटिंगमधे हाय. हात तर मोकले हायेत ना?"

(माझं बोलणं असंच आहे. आमच्यात 'आहे'ला 'हाय' म्हणतात आणि 'नाही'ला 'नाय'. लिहिताना मी 'आहे' लिहिते, कारण चौथीपर्यंतच्या शाळेत गुरुजींनी तेवढं छडीने शिकवलं. बोलण्यापर्यंत छडी पोचली नाही. हे लक्षात ठेवा. पुढे सगळा घोळ याच्यावरच आहे.)

एकदा मी स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं, "रश्मी, बोंबील तलू का कालवन करू?" तर लॅपटॉपमधून नागपूरचा कुणीतरी माणूस म्हणाला, "तळा, काकू!" रश्मी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी तळलेच होते. बहुमत होतं.

तर रश्मीच्या धाकट्या भावाचं, मयूरचं, लग्न ठरलं. माझी विहीण, म्हणजे रश्मीची आई, गव्हाणहून आमंत्रण द्यायला आली. ही बाई पाहुणी म्हणून सोफ्यावर बसते आणि उठेपर्यंत दहा टोमणे मारते. (मोजले नाहीत, पण कमी नसतात.)

चहा घेता घेता तिने कोपऱ्यातल्या रश्मीकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाली, "ईनबाय, आमची पोर त्या डब्यात घातलीव तुमी. गनपतीला नाय आली, होलीला नाय आली. आता भावाच्या हलदीला तरी सोराल का?"

"मी कशाला अडवू? कंपनी अडवतं तिला!"

"येकटी भैन हाय. करवली पाटाशेजारी बसल्याबिगर आमच्याकडं हलद लागत नाय. पोरगा काय कोरडा उभा करू लग्नात?"

बोलता बोलता तिने माझ्या घराला हसण्याचा आवाज काढला. तो आवाज शब्दांत लिहिता येत नाही, पण विहिणींना माहीत आहे. माझं डोकं फिरलं.

"ऐका, ईनबाय! माझी सून हलदीला पाटाशेजारी बसल. मधून उठनार नाय. उठली, तर तुमच्या मांडवातलं मटन मी तोंडात घालनार नाय!"

विहिणीने कप खाली ठेवला. रश्मी कोपऱ्यातून वळून बघायला लागली. कारण हळदीचं मटण म्हणजे माझ्यासाठी काय आहे, हे पनवेल तालुक्याला माहीत आहे. माझ्या नवऱ्याच्या बाराव्याला जेवताना मी म्हटलं होतं, हे सगळं ठीक आहे, पण ह्यांचा जीव मटणात होता. (आणि माझाही.)

रश्मीने दोन महिने आधी रजा मागितली होती. रजा मिळाली लग्नाच्या दिवसाची. हळदीच्या संध्याकाळी मात्र तिची पाळी होती. पाळी म्हणजे परदेशातल्या गिऱ्हाइकाचं काही अडलं तर लॅपटॉपसमोर हजर असायचं. तिच्या जागी एक मुलगा बसणार होता. हळदीच्या सकाळी तो तापाने आडवा झाला.

रश्मी खुर्चीत बसून राहिली. नेहमीसारखीच, पण या वेळी नुसतीच.

"मी जात नाही, आई. तुम्ही जा. आईला सांगा, जमलं नाही."

"आनि मटन?"

"तुम्हाला मटणाचं पडलंय?"

"तुला भावाचं परलंय, मला मटनाचं परलंय. दोन्ही येकाच मांडवात हाय. डबा घे बरोबर!"

"लॅपटॉप घेऊन मी पाटाशेजारी बसू?"

"तू पाटाशेजारी बस. लॅपटॉपशेजारी मी बसते. बसायचंच हाय ना?"

हे वाक्य मी फार ऐटीत म्हटलं. नंतर बराच वेळ मला ते वाक्य आठवत होतं.

गव्हाणला पोचलो तेव्हा मांडव भरला होता. बँडवाले ढोल तापवत होते. विहिणीने रश्मीच्या खांद्यावरची लॅपटॉपची बॅग पाहिली आणि मला विचारलं, "आयेर का?"

मी रश्मीला ओढत आत नेलं. आतल्या खोलीत तांदळाचं पिंप होतं. त्यावर लॅपटॉप ठेवला, समोर प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत मी. रश्मीने आपला फोन खिडकीत ठेवला, कारण नेट त्याच्यातून येत होतं. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर तिने स्वतःच्या कपाळाची टिकली काढून चिकटवली.

"हे बघा, आई. हा इथे ठिपका आहे. हिरवा. हा हिरवा आहे म्हणजे मी कामावर आहे. हात लावला नाही तर तो पिवळा होतो. मग साहेबांना कळतं की मी जागेवर नाही. म्हणून हा माउस हलवत राहायचा."

"बस्स? उंदीर हलवायचा?" (माउस म्हणजे उंदीर, एवढं इंग्रजी मला येतं.)

"बस्स. आणि पिवळा झाला किंवा काही वाजलं तर मला हाक मारा. बाकी कशाला हात लावू नका!"

"आगो, जा गो. मीठ वायलंय मी. उंदीर नाय हलवनार?"

ती गेली. मी उंदीर हलवायला लागले. डावीकडे, उजवीकडे. वर, खाली. सुरुवातीला मजा वाटली. मग हात भरून आला. मग मनगट. मग डावा हात लावला, तर उंदीर उलटाच पळायला लागला. मिठाची पाटी डोक्यावर ठेवली की ठेवली, निदान ती मध्येच हिरवी-पिवळी होत नव्हती! बाहेरून मसाल्याचा वास येत होता. धवलारीण, म्हणजे आमच्यात लग्नाची गाणी म्हणणारी बाई, घसा साफ करत होती. त्या वासात, त्या आवाजात, कधी डोळा लागला कळलं नाही.

जागी झाले तर ठिपका पिवळा!

मी जिवाच्या आकांताने ओरडले, "पिवलं जालं! पिवलं जालंऽऽ!"

आता तुम्हीच सांगा, हळदीच्या मांडवात कुणी 'पिवळं झालं' म्हणून ओरडलं तर लोकांनी काय समजावं? लोकांना वाटलं, हळद लागली! धवलारणीला वाटलं, आपल्यावाचून सुरुवात केली. ती जी उठली ती थेट वरच्या पट्टीत सुटली. बँडवाल्यांनी ढोल हाणला. बायका हळदीची वाटी घेऊन पाटावर तुटून पडल्या. मयूर अजून अंघोळ करत होता. पाटावर बसले होते रश्मीचे मामा. फोटोवाल्याने 'जरा उजेड बघू' म्हणून त्यांना क्षणभर बसवलं होतं. मामा 'मी नाय! मी नाय!' म्हणेपर्यंत कानापासून पोटरीपर्यंत पिवळे झाले. मामी सांगत होती, त्यांच्या स्वतःच्या लग्नातही त्यांना एवढी हळद लागली नव्हती.

रश्मी धावत आली. दोन्ही हात हळदीने भरलेले. त्याच हातांनी तिने दोन-चार बटणं दाबली. ठिपका हिरवा झाला. बाकी सगळा लॅपटॉप पिवळा झाला.

तिच्या मागोमाग विहीण. "ईनबाय, आता छप्पर परलं तरी वरडू नका! माझ्या भावाला नवरा केलाव तुमी!"

"ही उठली पाटाजवलून," मी घाबरत विचारलं, "ते धरायचं का?"

"हलद खरी लागलीच नाय, मग उठली कशी?" विहीण म्हणाली. मनाने तशी न्यायी बाई आहे. "पन आता उठली, तर मटन गेलं तुमचं!" आणि तिने बाहेरून दार ओढून घेतलं.

आता मयूर अंघोळ करून आला. खरी हळद सुरू झाली. बँड असा वाजत होता की पिंपातला तांदूळ हलत होता. आणि नेमका तेव्हा लॅपटॉप वाजला.

वाजला तर हाक मार, असं सुनेने सांगितलेलं. ओरडू नको, असं विहिणीने सांगितलेलं. हाक मारली तर सून उठणार, सून उठली तर मटण जाणार. समोर दोन बटणं नाचत होती, एक हिरवं, एक लाल. हिरवं म्हणजे चांगलं, एवढं मला त्या दिवशी कळलं होतं. मी उंदीर हिरव्यावर नेला आणि टिचकी मारली.

"हाय, रश्मी!" आतून पुरुषाचा आवाज आला.

माझ्या जिवात जीव आला. माणूस आपल्यातला निघाला! उरणकडचा असावा. 'हाय, रश्मी?' म्हणजे, रश्मी आहे का?

"हाय, हाय!" मी म्हटलं. "हितंच हाय!"

मग तो इंग्रजीत सुटला. हे मला पटलं नाही, पण शिकल्यावर आपली माणसंही तशीच करतात. मी उंदीर हलवत ऐकत राहिले. मध्येच तो थांबला. प्रश्न असावा. त्यातला एक शब्द कानाला 'लॉकर'सारखा लागला.

रश्मीचे दागिने लॉकरमध्ये असतात, हे कंपनीला कशाला हवं? पण साहेब माणूस, विचारतोय तर सांगावं.

"लॉकर? हाय. पनवेलला हाय."

 बँड वाजत होता, त्यामुळे त्याला अर्धंच ऐकू गेलं असणार. मग त्याने हळू, सुटं सुटं करून विचारलं, "रश्मी... लो... ऑर हाय?"

'लो' मला कळलं नाही. 'हाय' कळलं. बिचारा परत परत तेच विचारतोय, रश्मी आहे का, रश्मी आहे का! ही कसली हजेरी?

"हाय!" मी ठणकावून सांगितलं.

"हाय? आर यू शुअर?"

"हाय म्हंजे हायच!"

"ओके!" तो म्हणाला, आणि काहीतरी टकटक केलं.

यानंतर जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. लॅपटॉपवर एकेक चौकोन उघडायला लागला, आणि प्रत्येक चौकोनात एक माणूस. एकाच्या अर्ध्या गालाला फेस, मागे न्हावी वस्तरा धरून उभा. एका बाईच्या मांडीवर बाळ, ते आईच्या कानातलं ओढत होतं. एकजण गाडीत. एक पोरगी गॅसपाशी, एक डोळा कढईवर. ताप आलेला तो मुलगाही होता, कानटोपी घालून! सगळे इंग्रजीत बोलत होते, सगळे टकटक करत होते, आणि बहुतेकांच्या मागे त्यांचं घर दिसत होतं. मला वाटायचं, ही माणसं खुर्चीत बसतात आणि घर आपोआप चालतं. इथे तर बाळ रडत होतं, कढईतून धूर येत होता, न्हावी घड्याळ बघत होता. त्या पोरीला तर मी सांगणारच होते, बाय, आच कमी कर. पण म्हटलं, आपण नोकरीवर आहोत. नोकरीत जपून बोलावं.

मध्येच कुणीतरी विचारलं, "रश्मी, ओके?" मी म्हटलं, "हाय." सगळे खूश झाले.

बऱ्याच वेळाने टकटक थांबली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाला, "थँक यू! बाय, रश्मी!"

बाय! आमच्यात लेकीसुनांना मायेने बाय म्हणतात. मग तर माझी खात्रीच झाली. हाय म्हणतो, बाय म्हणतो. हा कुठल्यातरी खाडीकाठचाच!

इकडे हळद झाली. रश्मी पाटाशेजारून हलली नाही. नंतर भावाला मध्ये घेऊन नाचली. खिडकीच्या फटीतून मला तेवढी दिसली. लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिला बसलेलीच पाहिली होती. नाचते बरी.

मग ती घामाघूम होऊन आत आली, लॅपटॉपकडे पाहिलं, आणि हळदीखालचा तिचा चेहरा पांढरा झाला.

"आई! तुम्ही फोन उचललात?"

"हिरवं व्हतं."

"काय बोललात?"

"हाय म्हनलं."

"आणि?"

"हाय."

"आणखी?"

"आनखी काय? दर येली हायच म्हनलं. तुझं नाव राखलं. तू नायस, असं येकदा तरी बोलले का मी?"

ती तांदळाच्या गोणीवर मटकन बसली. मग मला कळलं ते असं. परदेशातल्या एका दुकानाचं लॅपटॉपवरचं काम अडलं होतं. साहेब, त्यांचं नाव मॅथ्यू, केरळचे (माझ्या उरणच्या अंदाजाचं काय झालं, ते विचारू नका), त्यांनी आधी विचारलं की कामात काही आडकाठी, म्हणजे इंग्रजीत 'ब्लॉकर', आहे का. त्यावर मी पनवेल सांगितलं. मग विचारलं, हे काम साधं की तातडीचं? तातडीच्याला इंग्रजीत 'हाय' म्हणतात. साधं म्हटलं असतं तर रश्मीला एकटीला बसून रात्रभर निस्तरावं लागलं असतं. 'हाय' म्हटल्यावर कंपनीच्या नियमाने सगळ्यांना जिथे असतील तिथून धावत यावं लागतं. अर्धी दाढी घेऊनसुद्धा!

"माझी नोकरी जाणार," रश्मी म्हणाली आणि साहेबांना फोन लावला. मी उंदीर हलवतच होते. थांब असं कुणी सांगितलं नव्हतं.

"सर, ती मी नव्हते," ती इंग्रजीत म्हणाली. एवढं मला तिच्या तोंडावरून समजलं. "ती माझी सासू होती."

 फोनमधून हसण्याचा आवाज आला. असा की बाहेरच्या बँडवाल्याने आत डोकावून पाहिलं. रश्मी ऐकत राहिली, ऐकता ऐकता तिचं तोंड सैल झालं.

"काय म्हनतं तो?"

"म्हणतात, काम खरंच वेळेत झालं. सगळे एकदम आले म्हणून. नाहीतर सकाळी जड गेलं असतं. आणि भावाची हळद होती तर मला सांगायचं होतंस, मी स्वतः बसलो असतो." तिने परत फोन कानाला लावला. "आणि विचारतायत, पनवेलला नक्की काय आहे?"

तेवढ्यात विहीण दारात आली. "करवली हलली नाय पाटाजवलून. तुमचा शब्द राहिला, ईनबाय. चला, मटन निवतंय!"

मी उठायला गेले. उठता येईना! कंबर धरलेली, पाय मुंग्यांनी भरलेले, उजवा हात आपोआप डावी-उजवीकडे जातोय. शेवटी मयूर, पिवळे मामा आणि दोन बँडवाले, चौघांनी मिळून मला खुर्चीसकट उचललं आणि मांडवातून पंगतीकडे नेलं. बँडवाल्यांचे साथीदार हौशी, त्यांनी वाजवायला घेतलं. लोकांनी वाट करून दिली. दोन म्हाताऱ्यांनी तर हात जोडले.

"काय जालं यांना?" कुणीतरी विचारलं.

"काम करून दमले!" मी वरून सांगितलं.

विहीण मोठ्याने म्हणाली, "काम? आगो, बसल्या तर व्हत्या!"

मटण छान झालं होतं. उजवा हात चालत नव्हता म्हणून रश्मीने भरवलं. विहिणीने माझ्यासाठी नळी बाजूला ठेवली होती. टोमण्याची बाई असली तरी तेवढी समज तिला आहे.

त्या दिवसापासून मी रश्मीपुढे ताट ठेवत नाही. बसून केलेलं काम हे काम असतं, हे मी इमारतीतल्या बायकांना लिफ्टमध्ये गाठून सांगते. मॅथ्यू साहेब अधूनमधून लॅपटॉपमधून मला "हाय, आजी" म्हणतात. मी आता हुशार झालेय. आधी विचारते, "कनचं हाय?"

परवा दुपारी हे सगळं लिहून काढायला म्हणून वही घेऊन बसले. एक पान जेमतेम झालं असेल. रश्मी टेबलावरून उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि लसणाचं ताट आणून माझ्या वहीवर ठेवलं.

"आई, मला मीटिंग आहे. तुम्ही बसल्याच आहात, तर बसल्या बसल्या..."

मी वही मिटली. सगळा लसूण सोलला. बसलेल्या माणसाला काम नसतं, हा शोध या घरात माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी लावलाय?